प्रदक्षिणा आणि कथेकरी : 'राजी' या व्हिडिओ गेममधील दृश्यरचना व कथन

प्रस्तावना

मराठी समीक्षेने विसाव्या शतकात आपल्या कक्षा वेळोवेळी रुंदावल्या. संहितेपुरता मर्यादित असलेला नाटकाचा विचार प्रयोगापर्यंत आला; चित्रपटाला स्वतःची भाषा आहे हे मान्य झाले; लोककलांचा अभ्यास विद्यापीठीय चौकटीत स्थिरावला. कादंबरी आणि तिच्यावर आधारित चित्रपट यांचा तौलनिक अभ्यास पदव्युत्तर वर्गांत आता नवा राहिलेला नाही. व्हिडिओ गेम हा प्रकार मात्र या विस्ताराच्या बाहेरच राहिला. महाविद्यालयीन अध्यापकाच्या बोलण्यात 'गेम' हा शब्द येतो तो बहुधा तक्रारीच्या सुरात येतो. विद्यार्थी मोबाइलवर गोळीबाराचे खेळ खेळतात, रात्री जागतात आणि सकाळच्या तासाला पेंगतात. ही तक्रार खोटी नाही. परंतु तक्रारीच्या आधारे एखाद्या माध्यमाची समीक्षा होत नाही. तमाशाविषयी आणि पुढे बोलपटाविषयी पूर्वीच्या पिढ्यांतील सुशिक्षितांनी असेच बोलून घेतले होते, याचे स्मरण येथे अस्थानी ठरू नये.

गोळीबार आणि गुणसंख्या यांच्या पलीकडे जाणारा एक प्रवाह गेल्या दीड-दोन दशकांत या माध्यमात निर्माण झाला आहे. त्यात खेळाडूला जिंकायचे असे फारसे काही नसते. ओसाड बेटावर, रिकाम्या घरात किंवा वाळवंटात त्याने फिरावे, पाहावे आणि जे घडून गेले आहे त्याचा माग काढावा, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. 'डिअर एस्थर' हा या प्रवाहातील आरंभीचा महत्त्वाचा गेम. तो २००८ मध्ये इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठातील एका संशोधन प्रकल्पातून पुढे आला आणि २०१२ मध्ये स्वतंत्र स्वरूपात प्रसिद्ध झाला. प्राध्यापकवर्गाने ही बाब मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. त्यानंतर 'जर्नी' (२०१२), 'गॉन होम' (२०१३), 'फायरवॉच' (२०१६) असे गेम आले. मोठ्या स्टुडिओंच्या बाहेर, लहान चमूंनी घडवलेल्या अशा कृतींना 'इंडी' म्हणजे स्वतंत्र गेम म्हणण्याची प्रथा आहे. ज्यांना त्या आवडल्या नाहीत त्यांनी 'चालण्याचे सिम्युलेटर' असे म्हणून त्यांची टर उडवली. पुढे ते नाव चिकटले आणि त्यातील हेटाळणी बरीचशी गळून पडली.

महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रवाहाला सर्वांत जवळची कृती म्हणजे पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने निर्माण केलेला 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा गेम होय. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड या तिघांनी २०१७ मध्ये ही संस्था उभी केली. त्याच वर्षी लोकवर्गणीतून निधी जमवण्याचा त्यांचा प्रयत्न अयशस्वी झाला. तरीही काम थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये हा गेम प्रथम निन्टेन्डो स्विच या उपकरणासाठी आणि ऑक्टोबर २०२० मध्ये संगणक व इतर उपकरणांसाठी प्रसिद्ध झाला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. काटेकोरपणे पाहता 'राजी' हा निव्वळ भटकंतीचा गेम नाही. त्यात लढाई आहे, आणि ती पुष्कळ आहे. मात्र खेळून झाल्यावर मनात राहते ती लढाई नव्हे. राहतात ते किल्ल्याचे निर्मनुष्य चौक, भिंतींवरची चित्रे आणि त्यांतून चालत जाणारी एक लहान मुलगी. म्हणून प्रस्तुत लेखात या गेमचा विचार त्याच्या दृश्यगुणाच्या आणि त्या दृश्यांतून होणाऱ्या कथनाच्या अंगाने केला आहे.

दृश्यगुणाचा प्रश्न

गेमविषयीच्या रूढ चर्चेत 'ग्राफिक्स चांगले आहेत' या विधानाचा अर्थ प्रायः तांत्रिक असतो. चित्र किती स्पष्ट आहे, पाण्यात प्रतिबिंब पडते काय, केसांची प्रत्येक बट हलते काय, असे त्याचे निकष असतात. हे निकष निरुपयोगी नाहीत. पण ते छापखान्याच्या गुणवत्तेसारखे आहेत. कागद उत्तम आणि छपाई सुबक असली म्हणजे कविता चांगली ठरत नाही. शिवाय या निकषांवर लहान चमू मोठ्या कंपनीशी कधीच स्पर्धा करू शकणार नाही. 'राजी' ज्या अनरिअल इंजिन या प्रणालीवर उभा आहे, ती २०१५ पासून कोणालाही प्रारंभी शुल्क न भरता वापरता येऊ लागली. छायाप्रकाशाचे गणित ही प्रणालीच करून देते. तेव्हा एका कृतीचे दृश्य दुसरीहून वेगळे का वाटते, याचे उत्तर यंत्रात न शोधता निवडीत शोधावे लागते: काय दाखवायचे, कोठून दाखवायचे आणि काय झाकून ठेवायचे.

'राजी'च्या निर्मात्यांनी केलेली पहिली निवड चित्रशैलीची आहे. वास्तूंचे आकार राजस्थानातील मध्ययुगीन किल्ले-महालांवरून घेतले आहेत. पृष्ठभाग हाताने रंगवल्याप्रमाणे केले असून रंगांची प्रेरणा पहाडी लघुचित्रांची आहे. येथे एक मूलभूत अडचण उभी राहते. पहाडी चित्रातील प्रकाश समान पसरलेला असतो. त्यातील नायिका चांदण्यात उभी असली तरी तिची सावली जमिनीवर पडत नाही. रात्र आहे हे आकाशाच्या रंगावरून किंवा तेवणाऱ्या दिव्यावरून कळते, अंधारावरून नव्हे. याउलट गेमच्या त्रिमितीय जगात प्रत्येक वस्तूला सावली असते. प्रकाशाची दिशा निश्चित असते. म्हणजे एका बाजूला सावली नाकारणारी शैली आणि दुसऱ्या बाजूला सावलीवर उभे असलेले यंत्र. 'राजी'ने यावर शोधलेला तोडगा तडजोडीचा आहे. रंग लघुचित्राचे, प्रकाश चित्रपटाचा. ही तडजोड सर्वत्र साधली आहे असे म्हणता येत नाही. काही ठिकाणी भिंतीवरचे रंगकाम आणि त्यावर पडणारा नाट्यमय प्रकाश परस्परांशी भांडतात. पण जेथे ती साधली आहे तेथे लघुचित्राच्या चौकटीतून आत पाऊल टाकल्याचा प्रत्यय येतो, आणि हा प्रत्यय देणे कागदावरील चित्राला शक्य नाही.

दुसरी निवड कॅमेऱ्याची. बहुतेक गेममध्ये खेळाडू आपली नजर हवी तिकडे वळवू शकतो. 'राजी'मध्ये ते स्वातंत्र्य नाही. राजी कोठे आहे त्यानुसार कॅमेरा आपली जागा घेतो, आणि ती जागा निर्मात्यांनी आधीच ठरवलेली असते. बऱ्याचदा तो इतका दूर जातो की राजी एखाद्या ठिपक्याएवढी उरते आणि तिच्याभोवतीचा किल्ला पडदा व्यापून टाकतो. काही खेळाडूंना हा जाच वाटतो. समीक्षेच्या दृष्टीने मात्र हाच या गेमचा सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. नजर बांधलेली असल्यामुळे प्रत्येक दृश्याची रचना चित्राप्रमाणे करता येते. आणि मुलीचे लहानपण व जगाचे प्रचंडपण हे कोणत्याही वाक्याविना सांगितले जाते. भावाला शोधायला निघालेल्या बहिणीची ही कथा आहे. तिचे सारे एकटेपण या अंतरात आहे.

चित्रकथी आणि प्रदक्षिणा

दृश्यातून कथा सांगण्याचा विचार मराठी वाचकाला परका नाही. त्यासाठी पाश्चात्त्य गेम-अभ्यासाच्या दारात जाण्याआधी घरातील दोन परंपरा तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी ही त्यांपैकी पहिली. सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातील प्रसंग रंगवलेले असतात. अशा चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात. कथेकरी एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने त्या चित्रातील कथा सांगतो, गातो, पात्रांचे संवाद म्हणतो. याच समाजाकडे कळसूत्री बाहुल्यांची आणि चामड्याच्या बाहुल्यांची, म्हणजे पडद्यावरील छायाखेळाची परंपराही आहे. या कलांच्या जतनासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री किताब जाहीर झाला. चित्रकथीत प्रेक्षक बसलेला असतो. चित्र स्थिर असते. हलतो तो आवाज. चित्र केव्हा बदलायचे हेही कथेकरीच ठरवतो. म्हणून तेथे आवाज हा चित्राचा प्राण आहे, त्यावरची पुरवणी नव्हे.

दुसरी परंपरा वेरूळ-अजिंठ्याची. वेरूळच्या कैलास लेण्यात मंडपाच्या दोन्ही अंगांच्या भिंतींवर रामायण आणि महाभारत यांतील प्रसंग आडव्या पट्ट्यांत कोरले आहेत. येथे कथेकरी नाही. शिल्प स्थिर आहे, आवाज नाही. हलतो तो पाहणारा. कोणत्या पट्टीसमोर किती वेळ थांबायचे, कोणती ओलांडून पुढे जायचे, हे त्याचे पाय ठरवतात. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात ही रचना अधिक गुंतागुंतीची होते. तेथील जातककथांच्या चित्रांत प्रसंग काळाच्या क्रमाने मांडलेले असतीलच असे नाही. राजवाड्यात घडलेले प्रसंग एकत्र, अरण्यात घडलेले एकत्र, असे स्थळानुसार ते गुंफलेले दिसतात. विद्या देहेजिया यांनी आद्य बौद्ध कलेतील कथनपद्धतींचा अभ्यास करताना या गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. काळाची मांडणी पाहणाऱ्याने स्वतःच्या मनात करायची असते. लेसिंगने १७६६ मध्ये 'लाओकून'मध्ये चित्राला अवकाश आणि काव्याला काळ अशी वाटणी करून दिली होती. अजिंठ्याच्या चित्रकारांनी ती वाटणी कितीतरी शतके आधीच मोडून ठेवली होती, असे गमतीने म्हणता येईल.

भटकंतीचा गेम हा जातीने प्रदक्षिणेचा प्रकार आहे. हेन्री जेन्किन्स यांनी २००४ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात गेमच्या रचनेला 'कथनात्मक वास्तुरचना' म्हटले. गेमचा कर्ता कथा सांगण्यापेक्षा जागा घडवतो आणि त्या जागेत कथेच्या खुणा पेरून ठेवतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. 'गॉन होम'मध्ये एक मुलगी परदेशातून घरी परतते. घर रिकामे आहे. टेबलाच्या खणातील चिठ्ठ्या, पावत्या, ध्वनिफिती यांतून घरातल्या माणसांचे एक वर्ष उलगडते. कथा आधीच घडून गेली आहे, ती घरभर पसरली आहे, आणि खेळाडू तिची जुळणी करतो. अजिंठ्याच्या भिंतीसमोर उभा असलेला उपासक याहून फार वेगळे काही करत नव्हता.

'राजी'मध्ये या दोन्ही परंपरा एकत्र येतात. हेच तिचे वैशिष्ट्य आहे, आणि तिचे दुखणेही येथेच आहे.

'राजी'तील कथनाच्या तीन पद्धती

कथा थोडक्यात अशी. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू हे खेळ करून पोट भरणाऱ्या मंडळीतले. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुरांचा हल्ला होतो आणि गोलूला पळवून नेले जाते. महाबलासुर हा त्या असुरांचा अधिपती. देवांनी त्याच्याविरुद्ध निवडले आहे ते राजीला. दुर्गेकडून तिला त्रिशूळ मिळतो, पुढे विष्णूकडून धनुष्य. ती किल्ल्यातून, पाण्याने वेढलेल्या हिरण्यनगरीतून, वाळवंटातून भावाच्या शोधात पुढे जाते. दुर्गा आणि विष्णू हे तिचा प्रवास वरून पाहतात आणि त्याविषयी परस्परांशी बोलतात. त्यांचे बोलणे खेळाडूला ऐकू येते, राजीला नाही.

कथनाची पहिली पद्धत छायाखेळाची. महत्त्वाच्या टप्प्यांवर खेळ थांबतो आणि पडद्यावर चामड्याच्या बाहुल्यांप्रमाणे सपाट, सांधे जोडलेल्या आकृती प्रसंग साकार करतात. बहिणीच्या आणि भावाच्या व्यवसायाशी हा प्रकार जुळतो, त्यामुळे तो बाहेरून चिकटवलेला वाटत नाही. येथे खेळाडू चालत नसतो, बसलेला असतो; म्हणून येथे निवेदकाचा आवाज खटकत नाही. चित्रकथीचा करार जसाच्या तसा पाळला गेला आहे. सर्व गेममध्ये सर्वांत निःशंकपणे यशस्वी झालेला भाग हाच होय. खर्चाच्या दृष्टीनेही तो शहाणपणाचा आहे. चेहऱ्यावरील सूक्ष्म हावभाव दाखवणारी महागडी चलत्चित्रे लहान चमूला परवडली नसती, आणि परवडली असती तरी ती चार इतर गेमसारखीच दिसली असती.

दुसरी पद्धत भित्तिचित्रांची, आणि येथे प्रश्न निर्माण होतो. किल्ल्याच्या भिंतींवर दुर्गेची आणि पुढे विष्णूची आख्याने रंगवली आहेत. राजी चित्राजवळ थांबते आणि देवाचा आवाज त्या चित्रातली कथा सांगू लागतो. चित्रे पाहण्याजोगी आहेत. रचना ठसठशीत आहे. पण महिषासुराशी लढणारी देवी भिंतीवर दिसत असताना, ही देवी आहे, हा महिषासुर आहे आणि तिने त्याचा वध केला, असे सांगितले गेले म्हणजे पाहणाऱ्याचे काम संपते. तो चालत आलेला असतो, स्वतःच्या पायांनी येथवर पोहोचलेला असतो. त्याला प्रदक्षिणेचे स्वातंत्र्य दिलेले असते. आणि नेमक्या पाहण्याच्या क्षणी कथेकरी मध्ये येऊन उभा राहतो. 'जर्नी'मध्येही टप्प्याटप्प्यावर भित्तिचित्रे आहेत आणि एक शुभ्र आकृती ती उलगडून दाखवते. परंतु त्या सबंध गेममध्ये उच्चारलेला एकही शब्द नाही. एका लयाला गेलेल्या संस्कृतीचा इतिहास खेळाडू चित्रावरून ताडतो आणि थोडा चुकतोही. ती चूक करण्याची मुभा 'राजी' देत नाही.

हा आवाज कोणासाठी आहे, असे विचारले की त्याचे कारण उमगते. महिषासुरमर्दिनीची ओळख करून देण्याची गरज पलूसच्या किंवा तुळजापूरच्या खेळाडूला नाही. ती गरज परदेशातील ग्राहकाला आहे, आणि २०२० च्या आवृत्तीत देव इंग्रजीतच बोलत होते; हिंदी आवाज पुढच्या सुधारित आवृत्तीत आला. यात निर्मात्यांना दोष देणे सोपे आहे आणि अन्याय्यही. अशा गेमला भारतात पैसे मोजणारा ग्राहक थोडा. बाहेरच्या बाजारावर संस्था जगायची असेल तर बाहेरच्याला समजेल असे बोलणे भागच पडते. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. पुराणकथा सर्वांना ठाऊक असतात हे अध्यापकांचे गृहीतक आज वर्गात टिकत नाही. विष्णूच्या दहा अवतारांची नावे क्रमाने सांगणारे विद्यार्थी कमी होत चालले आहेत. तरीसुद्धा परिणाम व्हायचा तो होतोच. येथला खेळाडू आपल्याच घरातील देव्हाऱ्यासमोर मार्गदर्शकाचे भाषण ऐकणारा पर्यटक बनतो.

तिसरी पद्धत सर्वांत कमी बोलली गेली आहे. वस्तुतः तिच्यातच या गेमचे मर्म आहे. वाटेत ठिकठिकाणी वर्तुळाकार चित्रकोडी येतात. चित्राचे तुकडे झालेले असतात. एकात एक बसणारी वर्तुळे फिरवून ते जुळवायचे असतात. जुळल्यावर प्रकट होते ते कोणत्याही देवाचे आख्यान नसून राजी आणि गोलू यांच्या पूर्वायुष्यातील एखादा क्षण असतो. येथे खेळाडूची कृती आणि पात्राची मनोवस्था एकच होते. आठवण ही तुकड्यातुकड्यांनीच येते. ती फिरवून, चुकवून, पुन्हा फिरवून लावावी लागते. चित्र जुळेपर्यंत ते काय आहे हे कळत नाही, आणि जुळल्यावर त्याचे स्पष्टीकरण लागत नाही. देवकथांना भिंतीभर जागा आणि देवांचे आवाज मिळाले. भावाबहिणीच्या कथेला ही लहान कोडी मिळाली. मात्र मनाला भिडतात ती कोडी.

स्थळाचा प्रश्न

'राजी'तील जग हे कोणते स्थळ आहे? निर्मात्यांनी हिंदू पुराणकथांबरोबर बालीतील पुराणकथांचेही ऋण मान्य केले आहे. वास्तू राजस्थानी आहेत. रंग हिमालयाच्या पायथ्याचे आहेत. 'प्राचीन भारत' असे त्याचे नाव असले तरी हे जग अनेक ठिकाणचे सुंदर तुकडे जोडून केलेले आहे. कल्पित जगाला तसा अधिकार आहे. परंतु भटकंतीच्या गेमचा अनुभव असा की त्यातील स्थळ जितके नेमके, तितकी कथा सखोल होते. 'फायरवॉच' हा १९८९ सालच्या वायोमिंग राज्यातील एका अरण्यात, वणव्यावर लक्ष ठेवणाऱ्या मनोऱ्यात घडतो. त्याचे रंग वास्तवाहून भडक आहेत, झाडांचे आकार सोपे केलेले आहेत. तरीही ते जंगल कोठलेही जंगल नाही. 'राजी'तील कमानी आणि छत्र्या पाहताना मात्र हा भारत पर्यटनाच्या भित्तिपत्रकावरून जगाला आधीच ठाऊक असलेला भारत आहे, अशी शंका येत राहते. पुण्यात बसून घडवलेल्या या गेममध्ये सह्याद्रीचा काळा पाषाण कोठे दिसत नाही. दीपमाळ नाही, वाडा नाही, बारव नाही. ही प्रादेशिक अस्मितेची तक्रार नव्हे. काळ्या दगडाचा प्रकाशाशी असलेला संबंध वाळूच्या दगडाहून निराळा असतो. तो प्रकाश परत देत नाही, शोषून घेतो. उन्हातही त्याच्या आत सावली असते. सावली हेच ज्या माध्यमाचे बळ, त्याला हा दगड अधिक मानवला असता. हेमाडपंती देवळाच्या सभामंडपात शिरताना डोळ्यांना जो क्षणभर काही दिसेनासे होण्याचा अनुभव येतो, तो गेमच्या भाषेत आणण्यासारखा आहे.

स्थळाच्या बाबतीत गोव्यातील 'फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह' या नावाने काम करणाऱ्या अरमान संधू यांचा 'फरगॉटन फील्ड्स' (२०२१) हा गेम उलट्या टोकाला आहे. त्याचे दृश्य जवळजवळ दरिद्री आहे: सोप्या, मोजक्या पृष्ठांच्या आकृती, सपाट रंग, तपशील नाममात्र. लिखाण अडलेला एक लेखक विकल्या जाणाऱ्या जुन्या घरी अखेरचा जातो, एवढेच त्याचे कथानक. गावाचे नाव कल्पित असले तरी किनारपट्टीवरची संध्याकाळ, रस्ता आणि उतरते ऊन यांच्यामागे कोणी तरी खरोखर पाहिलेली जागा आहे, हे जाणवत राहते. या गेममध्ये संवाद अधिक आहेत आणि ते काही वेळा लांबतात. तुलनेने 'राजी'ची घडण कितीतरी कसदार आहे. पण दृश्यगुण आणि तपशिलांची संख्या ही एकच गोष्ट नव्हे, हे दाखवायला दोन्ही गेम शेजारी ठेवून पाहणे पुरेसे आहे. मुंबईतील 'अंडरडॉग्ज स्टुडिओ'चा 'मुक्ती' हा गेम भारतीय संग्रहालयात घडतो आणि त्याचा विषय मानवी तस्करीचा आहे. सोनी कंपनीच्या भारतीय निर्मात्यांसाठीच्या योजनेत २०२३ मध्ये निवडल्या गेलेल्या पहिल्या पाच गेमपैकी तो एक. संग्रहालय ही कथेची जागा म्हणून निवडणे हे प्रदक्षिणेच्या तत्त्वाशी थेट जुळणारे आहे.

संग्रहालयाचा उल्लेख आला म्हणून पलूस परिसरातील अध्यापकांसाठी एक गोष्ट नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. या तालुक्यातील कुंडल पूर्वी औंध संस्थानात होते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कुंडल रोड स्थानकालगत कारखाना वसवला, तोही औंधच्या राजांनी दिलेल्या जमिनीवर. ते राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही होते. रामकथेवरील त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अजिंठा आणि वेरूळ यांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तके लिहिली. १९३८ मध्ये औंधच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभे राहिले. बोलून कथा सांगणारा आणि रंगवून कथा दाखवणारा असे दोघे एकाच माणसात नांदत होते, आणि ते या परिसरापासून फार दूर नव्हते. चित्र आणि आवाज यांच्या नात्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला कॅलिफोर्नियापासून सुरुवात करण्याचे कारण नाही.

अपूर्णतेविषयी

'राजी'वर सर्वाधिक टीका झाली ती तिच्या शेवटावर. पाच-सहा तासांचा खेळ अचानक तुटतो, कथा पुढच्या भागासाठी लोंबकळत राहते. ही टीका रास्त आहे. छायाखेळाच्या पडद्यामागचा दिवाच विझावा तसे होते. लढाईविषयीही हेच म्हणता येईल. राजीच्या कसरती डौलदार आहेत, परंतु रिंगण आखले जाते, असुर येतात, मारले जातात, रिंगण पुसले जाते, हा क्रम इतक्यांदा घडतो की किल्ल्याविषयी वाटू लागलेले कुतूहल दर वेळी नव्याने जागे करावे लागते. ज्या जागेने इतके काही सांगितले असते, तिला आखाडा केले जाते. निर्मात्यांना लढाई वगळण्याचे धाडस परवडले नसावे. भारतातून आलेला, मुलगी नायिका असलेला, पुराणकथेवरचा गेम, आणि त्यात शस्त्रही नाही, असे सांगून गुंतवणूकदार मिळवणे २०१७ मध्ये अवघड होते, हे समजून घेता येते.

वर्गात या गेमचा उपयोग करावयाचा झाल्यास त्यासाठी संगणक-प्रयोगशाळा लागत नाही. खेळाचे ध्वनिचित्रमुद्रण प्रक्षेपकावर दाखवता येते. भित्तिचित्रांचा एखादा दहा मिनिटांचा भाग प्रथम आवाज बंद करून दाखवावा, आणि चित्रात काय घडत आहे ते विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे. नंतर तोच भाग आवाजासह दाखवावा. दोन्ही कथनांत किती अंतर पडते, आणि अधिक चांगले कथन कोणते, याची चर्चा मराठी, इतिहास व चित्रकला या विषयांच्या अध्यापकांना एकत्र बसून घेता येईल. अधिक सोय असल्यास त्याच विद्यार्थ्यांना औंधच्या संग्रहालयात न्यावे, आणि प्रत्येक चित्राखालची पाटी वाचण्यापूर्वी त्यांना त्या चित्रासमोर पाच मिनिटे उभे करावे.